रील काढू की फिल्म? बडोद्यात नदी आणि वाड्यांसाठी मोबाइल उचलणाऱ्यांना

2024 च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर बडोद्यात घरोघरी विश्वामित्री नदीच्या क्लिपा पडून आहेत. त्यांचं काहीतरी करावं, नदी आणि जुने वाडे वाचवायला मोबाइल वापरावा, असं पुष्कळांच्या मनात आहे. पैसे कोणाकडेच नाहीत, मोबाइल मात्र सगळ्यांकडे आहे. मग प्रश्न येतो, नव्वद सेकंदांची रील काढायची की दहा-बारा मिनिटांची फिल्म? माझं मत आधीच सांगून टाकतो: नदीसाठी रील, वाड्यासाठी फिल्म. आणि दोन्हींच्या आधी एक तिसरं काम, जे सहसा कोणी करत नाही.

नदीचं सगळं तातडीचं असतं. जेसीबी आज काठावर उभा आहे, तुमची फिल्म जोडून होईपर्यंत काठच उरणार नाही. या नदीतल्या मगरी साधारण होळीच्या आसपास काठाच्या मातीत अंडी घालतात आणि पिल्लं पावसाच्या तोंडावर बाहेर येतात. नदी खोल-रुंद करायची खोदाईही पावसाच्या आधीच उरकायची असते, म्हणजे दोन्हींचा हंगाम नेमका एकच. तिथे आजच्या आज काढून आजच टाकता येते ती रीलच. इन्स्टाग्राम आणि यूट्यूब शॉर्ट्सवर तीन मिनिटांपर्यंत चालतं म्हणून तीन मिनिटं ताणू नका. पहिल्या दोन-तीन सेकंदांत ‘काळा घोडा पुलाखाली’ असं मोठ्या अक्षरांत दिसलं पाहिजे. जागा कळली नाही तर बघणाऱ्याच्या लेखी ती कुठलीही नदी.

पण रील कोणाकडे पोहोचेल हे आपल्या हातात नसतं. नागपूर-नाशिकचे लोक बदाम देतात आणि आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला पत्ताही नसतो. त्यातून मगरीची रील तर हमखास भरकटते. लोक मगर बघतात, काठ बघत नाहीत. खाली ‘बाप रे, केवढी!’ आणि ‘यांना पकडून दुसरीकडे सोडा’ अशा प्रतिक्रिया, म्हणजे प्रचार उलटाच झाला. म्हणून पुलावरूनच काढा, झूम करू नका. मगर लहान दिसू दे, तिच्यामागचा उभा कापलेला काठ मोठा दिसला पाहिजे. तिला हलवायला खडे मारणारे महाभाग असतात, त्यांना सांगा की 1972 च्या वन्यजीव कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे.

व्हॉट्सॲपवरही ‘व्हायरल’ची आशा फारशी धरू नका. एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येतं, आणि फार फिरलेला संदेश तर एकाच ठिकाणी. सोसायटीच्या ग्रुपवर ओळखीच्या माणसाने स्वतःच्या दोन ओळी लिहून टाकलेली क्लिपच बघितली जाते.

वाड्यांचं गणित वेगळं आहे. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा बाहेरून बघितला तर जुनं लाकूडकाम, एवढंच. खरा ऐवज आतल्या भिंतींवर आहे. इंग्रज-मराठा लढाया, कृष्णाच्या लीला, एकोणिसाव्या शतकातल्या दिवाणांच्या घरातलं सगळं जग तिथे रंगवलेलं आहे. ते नव्वद सेकंदांत दाखवलं तर रंग उडालेली भिंत दिसते, बाकी काही नाही. कोणीतरी त्या चित्रासमोर उभं राहून सांगायला हवं, आणि सांगायला वेळ लागतो. वाडा पुरातत्त्व खात्याकडे आहे. हातातल्या मोबाइलला सहसा कोणी हरकत घेत नाही, ट्रायपॉड मांडलात तर परवानगी मागतात. कोपर भिंतीला टेकवा, काम भागतं.

न्यायमंदिराचंही तेच. 1896 ची इमारत, 2018 मध्ये कोर्ट तिथून हललं. नुसती कमान दाखवून काय कळणार? कोर्ट तिथे असताना बाहेर बसणारे टायपिस्ट, स्टॅम्पवाले, चहावाले बोलले तर ती इमारत उभी राहते.

मांडवीसाठी, म्हणजे जुन्या शहराच्या मधोमध उभ्या असलेल्या कमानींच्या वास्तूसाठी, एक युक्ती सुचवतो. जुन्या शहरातल्या घरांमध्ये लग्नाच्या कॅसेटा पडून असतात. वरात मांडवीवरून गेली असेल तर नवरदेवामागे तिचे खांब आणि कमानी आयत्याच सापडतात, वीस-तीस वर्षांपूर्वीच्या. आज त्याच जागेवरून घेतलेला शॉट शेजारी ठेवा. खांबाची अवस्था निवेदनाशिवाय कळते.

फिल्मची खरी अडचण आवाजाची. हललेलं चित्र लोक चालवून घेतात, बोलणं ऐकू आलं नाही की उठून जातात. दुसरा मोबाइल रेकॉर्डिंग सुरू करून बोलणाऱ्याच्या सदऱ्याच्या खिशात ठेवा, सुरुवातीला एक टाळी वाजवा, नंतर त्या टाळीवर चित्र आणि आवाज जुळवा. पंखा बंद. आणि दुकानं उघडायच्या आत आटपा, त्यानंतर रावपुऱ्यात हॉर्नशिवाय काही रेकॉर्ड होत नाही. पार्श्वसंगीताला सिनेमाचं गाणं लावाल तर यूट्यूब हक्काचा दावा लावून मोकळं होईल. त्यापेक्षा विठ्ठल मंदिरासमोर निघणाऱ्या वरघोड्याच्या, म्हणजे मिरवणुकीच्या, टाळ-ढोलकांचा आवाज स्वतः टिपून ठेवा. फिल्म पंधरा मिनिटांवर गेली तर फोन नंबरने खातं पडताळल्याशिवाय चढत नाही, हेही आधीच करून ठेवलेलं बरं.

ती दाखवायची कुठे? माझ्या मते यूट्यूबच्या आधी कोणाच्या तरी दिवाणखान्यात, वीस माणसांना बोलावून. गणपतीच्या मंडपात दाखवायचा मोह होईल, गर्दी आयती असते. पण जाहीर प्रदर्शनाला 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली प्रमाणपत्र लागतं, इंटरनेटवरच्या व्हिडिओला ते लागत नाही. मंडळाच्या पोरांना अडचणीत आणण्याआधी एखाद्या वकिलाला विचारा.

आता ते तिसरं काम, म्हणजे न कापलेली नोंद. विश्वामित्री रिव्हरफ्रंटचं, म्हणजे नदीकाठ बांधून काढायच्या योजनेचं, प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे पीठापुढे गेलं होतं, आणि अशा ठिकाणी रील कोणी बघत नाही. दर महिन्याला एकाच जागेवरून, एखादा खांब किंवा झाड खुणेला धरून, सुरुवातीला तारीख आणि जागा तोंडाने सांगून एक सलग शॉट घ्या. मूळ फाइल तशीच हार्ड डिस्कवर ठेवा. व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ म्हणून पाठवलेली प्रत दाबून लहान होते आणि फाइलमधली तारीख-वेळेची मूळ माहिती गळते. 2023 च्या साक्ष अधिनियमात कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, फाइलच्या हॅश व्हॅल्यूसकट (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा अंक-अक्षरांचा ठसा). मूळ फाइलच हाताशी नसेल तर ते प्रमाणपत्र कशाचं देणार? रील आणि फिल्म दोन्हीला लागणारे शॉटही यातूनच निघतात.

ड्रोन विसरा. हरणीचा विमानतळ शहराला लागून आहे, परवानगीच्या फेऱ्यांत पावसाळा जाईल.

भाषा? दांडिया बाजारातल्या आजोबांना त्यांच्या मराठीतच बोलू द्या, मधे गुजराती शिरली तरी कापू नका. पण खाली गुजराती सबटायटल हवेतच, कारण महानगरपालिकेत फाइल गुजरातीत हलते. आणि ते शेजारच्या पटेलबेनना दाखवूनच चढवा. आपली गुजराती भाजीवाल्यापुरती उत्तम असते, लिहायला घेतली की ऱ्हस्व-दीर्घाचा बाजार उठतो.