मागच्या चाकातली टक-टक : बाजारातले ब्रेक शू, आठ महिन्यांनंतर

गाडी २००९ ची पेट्रोल हॅचबॅक, मीटर १ लाख १८ हजारांवर. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक (चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून दोन अर्धगोल शू दाबले जातात), नेहमीचंच. गेल्या ऑक्टोबरात कुंभार्ली घाट उतरताना मागून लोखंड खरवडल्यासारखा आवाज यायला लागला. चिपळूणला येऊन ड्रम उघडला, तर डाव्या शूचं लायनर (ड्रमवर घासणारा थर) संपून पत्राच ड्रमला लागत होता. इथपर्यंत चूक माझी. "पुढचे पॅड बदललेत ना, मागचे चालतील अजून" म्हणत मी दोन पावसाळे काढले होते.

कंपनीच्या शूचा भाव ऐकून बाजारातला सेट घेतला, ८५० रुपयांना चार. ड्रमला खाचा पडल्या होत्या, म्हणून गॅरेजवाल्याने दोन्ही ड्रम लेथवर टर्निंगला (आतून कातून गुळगुळीत करायला) पाठवले. त्याचे ६०० वेगळे. पहिला आठवडा मी खूश. खरवड बंद, हँडब्रेक तीन दातांवर धरायला लागला.

मग सुरू झाली टक-टक. जोरात ब्रेक मारला तर नाही, हलका दाबून सिग्नलपाशी गाडी रांगत नेली की हमखास. टक... जरा थांबून टक... फक्त डावीकडून, आणि फक्त पुढे जाताना. रिव्हर्समध्ये तिथून चूंही नाही. गॅरेजवाला म्हणाला, "शू बसतायत, ५०० किलोमीटर चालवा." चालवली. नंतर म्हणाला, बेअरिंग असेल. बेअरिंग गेलं तर घूं घूं आवाज येतो आणि तो वेगाबरोबर वाढतो, त्याचा ब्रेकशी काय संबंध? पण त्याने बेअरिंग बदललंच, आणि पैसेही घेतले. आवाज जागच्या जागी.

तेव्हा हा अनुभव लिहिला असता तर शूला एक स्टार देऊन मोकळा झालो असतो. सोबत शिव्याही.

रागाच्या भरात एका रविवारी ड्रम स्वतः काढला. (ड्रमच्या तोंडावर दोन आट्यांची भोकं असतात. त्यात ८ एमएमचे बोल्ट आलटून पालटून आवळले की ड्रम आपोआप बाहेर येतो. तरीही आमच्याकडे सगळे हातोडाच का घालतात, कोण जाणे. आणि आतली काळी पूड फुंकरीने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.) डावीकडचे शू उजवीकडे आणि उजवीकडचे डावीकडे घातले. आवाज डावीकडेच राहिला. म्हणजे शू निर्दोष. ८५० रुपयांचं दुःख तिथेच निम्मं झालं.

उत्तर मिळालं रिक्षांची कामं करणाऱ्या एका चाचांकडे. त्यांनी ड्रम मांडीवर घेतला, आत अंगठ्याचं नख लावलं आणि सावकाश बाहेरच्या बाजूला ओढलं. खर्रर्र. मग माझं बोट धरून तेच केलं. "भाऊ, याला आटे पाडलेत लेथवाल्यानं." लेथचं टूल शेवटच्या कटला भरभर पुढे सरकवलं की ड्रमच्या आत बोल्टच्या आट्यांसारखी बारीक मळसूत्री चरी उमटते. हलक्या ब्रेकला शू त्या चरीत धरला जातो, आट्यावर चढल्यासारखा बाहेर सरकतो आणि मग स्प्रिंग त्याला शूच्या मागच्या, न फिरणाऱ्या प्लेटवर परत आपटते. तीच ती टक. दोन्ही ड्रमला आटे एकाच दिशेचे, पण चाकं फिरतात एकमेकांच्या उलट. म्हणून पुढे जाताना एकच बाजू वाजते. मी दोन महिने ज्याच्यामागे डोकं फोडत होतो, ते त्यांनी नखाने शोधलं.

इलाज : ८० नंबरचा पॉलिश पेपर, आटे पुसले जातील असा आडवा-तिरपा, प्रत्येक ड्रमला वीस मिनिटं. मागच्या प्लेटवर शू जिथे टेकतो, त्या सहा उंचवट्यांवरचा गंज खरवडून तिथे ज्वारीच्या दाण्याएवढं हाय टेम्परेचर ग्रीस. त्याहून जास्त लावलं तर ते लायनरवर जाणार. चाचांनी दोनशे रुपये घेतले, तेही मी जबरदस्तीने दिले म्हणून.

तेव्हापासून टक बंद. शूचं म्हणाल तर ९ हजार किलोमीटरला जेमतेम अर्धा मिलिमीटर झिजलेत. एक स्टारवरून चारवर आणले. पाचवा देत नाही, कारण जून लागल्यापासून सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला गुर्र करतात. तो ड्रमवर रात्रीतून चढलेल्या गंजाचा आवाज, लगेच जातो. पावसाळ्यात रात्री हँडब्रेक ओढत नाही, पहिल्या गिअरला टाकून चाकामागे दगड लावतो, नाहीतर शू ड्रमला चिकटतात.

राग आहे तो टर्निंगचा. माझ्या ड्रमवर आतल्या व्यासाची १८२ एमएम ही कमाल मर्यादा कोरलेली आहे. घरी येऊन मोजलं, डावा १८१.४ भरला. पुन्हा लेथला लावायला फारशी जागाच ठेवली नाही. नव्या ड्रमचा भाव विचारून ठेवलाय. सोळाशे म्हणाला. दिवाळीनंतर बघू.