जर्मनी की ब्रिटन: अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने पदव्युत्तर शिक्षणासाठी काय पाहून ठरवावे?

पुणे, नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगर येथे मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स अथवा कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षात शिकणारा आणि शैक्षणिक कर्जाच्या भरवशावर परदेशी जाऊ पाहणारा विद्यार्थी बहुधा दोन पर्यायांपाशी येऊन थांबतो. एक जर्मनीतील सरकारी विद्यापीठातील दोन वर्षांची एम.एस्सी. आणि दुसरा ब्रिटनमधील एक वर्षाची. ‘जर्मनीत शिक्षण फुकट, ब्रिटनमध्ये महाग’ एवढ्यावर घरोघरी निर्णय होतात. फीची ही तुलना खोटी नसली तरी अपुरी आहे, कारण जर्मनी आपली किंमत वेळेत आणि भाषेत वसूल करते, तर ब्रिटन ती सुरुवातीलाच रोख मागते आणि कमावण्यासाठी मात्र मोजकाच अवधी देते.

आधी पैशाचे पाहू. पुढील आकडे २०२५ च्या अखेरीच्या नियमांनुसार आहेत आणि हिशेबासाठी युरो १०० रुपये व पौंड ११५ रुपये धरला आहे. जर्मन व्हिसासाठी वर्षाला ११,९०४ युरो ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये ठेवावे लागतात. तेथे पोहोचल्यावर त्यातूनच दरमहा ९९२ युरो खर्चासाठी हाती येतात, म्हणजे ही रक्कम फी नसून आपलाच घरखर्च असतो. दोन वर्षांचे मिळून साधारण २४ लाख रुपये होतात. म्युनिकसारख्या शहरात एवढ्यात भागवणे कठीण असले, तरी लहान शहरांत ते जमते. बहुतेक सरकारी विद्यापीठे शिकवणी शुल्क घेत नाहीत, फक्त प्रत्येक सत्राला काही शे युरोंपर्यंतचे अंशदान घेतात. मात्र याला असलेले अपवाद नेमके आपल्या विद्यार्थ्यांच्या आवडीच्या ठिकाणी आहेत. श्टुटगार्ट आणि कार्ल्सरूह ज्या राज्यात येतात, त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना २०१७ पासून प्रत्येक सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून नव्या विद्यार्थ्यांसाठी एम.एस्सी.चे शुल्क प्रत्येक सत्राला ४,००० ते ६,००० युरो केले आहे. आखेनच्या तांत्रिक विद्यापीठात आजही असे शुल्क नाही.

ब्रिटनमध्ये फी विद्यापीठागणिक बदलते. अभियांत्रिकीसाठी २०,००० पौंड हा आकडा खालच्या बाजूचाच मानावा, कारण नामवंत विद्यापीठांत तो ३०,००० च्या पलीकडे सहज जातो. त्याखेरीज लंडनबाहेर राहण्यासाठी दरमहा १,१७१ पौंड याप्रमाणे नऊ महिन्यांची रक्कम बँकेत सलग २८ दिवस दाखवावी लागते. व्हिसाचे ५२४ पौंड आणि एक वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी आरोग्य अधिभाराचे १,१६४ पौंड वेगळे. सगळे मिळून आकडा ३७ लाखांच्या आसपास पोहोचतो. म्हणजे स्वस्तातले ब्रिटिश विद्यापीठ आणि शुल्कमुक्त जर्मन विद्यापीठ यांत फरक उरतो तो १३ लाखांचा, आणि जर्मनीत एक वर्ष जास्त जाते. ब्रिटनमध्ये शिकलेला विद्यार्थी त्या वर्षात नोकरीला लागला, तर हा फरक भरूनही निघू शकतो. पण सगळी मेख त्या ‘तर’मध्ये आहे.

ब्रिटनमधील एक वर्ष फार वेगाने सरते. सप्टेंबरअखेरीस वर्ग सुरू होतात, दोन सत्रे शिकवणीची आणि उन्हाळा प्रबंधाचा. मोठ्या कंपन्यांच्या पदवीधर भरतीचे अर्ज बहुधा शरद ऋतूतच निघतात, म्हणजे विद्यार्थी अजून खोली शोधत असतो आणि हातात तिथला एक गुणही नसतो, तेव्हाच त्याने अर्ज केलेले बरे. ज्याच्यापाशी भारतातील दोनेक वर्षांचा कामाचा अनुभव आहे, त्याला हे झेपते. थेट बी.ई. करून गेलेल्याचे हे वर्ष स्थिरस्थावर होण्यातच निघून जाण्याचा धोका मोठा असतो.

जर्मनीत घाई नसते, पण परीक्षा कठीण असतात. अनेक विषयांत सत्राअखेरची एकच परीक्षा सगळे गुण ठरवते, आणि साधारणपणे तीन प्रयत्नांत अनिवार्य विषय सुटला नाही, तर नाव कमी होते व तोच अभ्यासक्रम दुसऱ्या जर्मन विद्यापीठात पूर्ण करण्याची वाटही बहुधा बंद होते. आपल्याकडच्या केटीच्या सवयीने तिकडे जाणाऱ्यांनी याचा विचार आधीच करावा. चार सत्रांचा अभ्यासक्रम पाच-सहा सत्रांवर जाणे तिथे नवलाचे नाही, आणि अशा प्रत्येक जादा सत्राचा खर्च सहा लाखांच्या घरात जातो. याची भरपाई काही अंशी कामातून होते. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे आणि कंपन्यांत आपल्याच विषयातले अर्धवेळ काम मिळण्याची पद्धत रुळलेली आहे. प्रबंधही कंपनीत करता येतो आणि पुढची नोकरी अनेकदा तिथूनच निघते. ब्रिटनमध्ये सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे आणि मिळणारे काम बहुतांशी दुकानातले किंवा उपाहारगृहातले असते.

मग भाषा. इंग्रजीतून शिकवले जाणारे अभ्यासक्रम जर्मनीत भरपूर आहेत आणि त्यामुळेच फसगत होते. वर्गात इंग्रजी चालते, पण मध्यम आकाराच्या यंत्रनिर्मिती कंपनीत बैठका, सुरक्षेच्या सूचना आणि जेवणाच्या सुट्टीतील गप्पा जर्मनमध्ये होतात. सॉफ्टवेअरवाल्याचे इंग्रजीवर काही काळ निभावते, मेकॅनिकलवाल्याचे सहसा नाही. जर्मनची बी१, म्हणजे रोजचे व्यवहार निभावण्याइतकी मध्यम पातळी गाठून विमानात बसणे आणि तिथे गेल्यावर ‘बघू’ म्हणणे यांत नोकरीचा फरक पडतो. पुण्यात मॅक्समुल्लर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूट असल्यामुळे दुसऱ्या वर्षापासून शिकायला सुरुवात न करण्यास फारशी सबब उरत नाही. ही भाषा परतल्यावरही वाया जात नाही, कारण चाकण परिसरात जर्मन वाहन कंपन्यांचे कारखाने आहेत. ब्रिटिश पदवीला इथे असा ठरलेला गिऱ्हाईक नाही.

पदवीनंतरचे नियमही सारखे नाहीत. जर्मनीत नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांचा परवाना मिळतो आणि त्या काळात कोणतेही काम करता येते. नव्या पदवीधराला ब्लू कार्डसाठी, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरी-वास्तव्य परवान्यासाठी, २०२५ मध्ये वर्षाला सुमारे ४३,७६० युरो पगार लागत होता, आणि जर्मनीत पदवी घेतलेल्याला दोन वर्षांच्या कुशल नोकरीनंतर, इतर अटी पुऱ्या झाल्यास, कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. ब्रिटनचा ‘ग्रॅज्युएट रूट’, म्हणजे पदवीनंतर तिथे राहून काम करण्याचा व्हिसा, आज दोन वर्षांचा आहे, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी तो १८ महिन्यांवर येणार आहे, म्हणजे २०२६ च्या सप्टेंबरात प्रवेश घेणारा यात सापडतो. या मार्गाचे शुल्क वेगळे भरावे लागते आणि हा काळ कायम वास्तव्याच्या मुदतीत धरला जात नाही. पुढे स्किल्ड वर्कर व्हिसासाठी जुलै २०२५ पासूनची सर्वसाधारण पगारमर्यादा ४१,७०० पौंड आणि नवोदितांसाठी ३३,४०० पौंड आहे, शिवाय परदेशी कर्मचारी नेमण्याचा सरकारी परवाना असलेला मालकच लागतो.

माझे मत असे की राहते घर तारण ठेवून, कामाचा अनुभव नसताना, मध्यम दर्जाच्या ब्रिटिश विद्यापीठात जाणे हा या सगळ्यांतला सर्वांत जोखमीचा पर्याय आहे. शिष्यवृत्ती बहुतेक खर्च उचलणार असेल, कंपनीने पाठवले असेल किंवा विषयात खरोखर अग्रगण्य विभाग मिळाला असेल, तर मात्र ब्रिटनचे एक वर्ष जर्मनीच्या अडीच वर्षांपेक्षा सरस ठरते. भाषा शिकण्याची ज्याला मनापासून आवड नाही, त्याने केवळ फी वाचते म्हणून जर्मनी निवडू नये.

वेळापत्रकाचा मुद्दा कमी महत्त्वाचा वाटतो, पण तिथेच अर्ज अडकतात. ब्रिटिश विद्यापीठे अंतिम वर्षाच्या निकालाच्या अटीवर आधीच प्रवेशपत्र देतात. जर्मनीसाठी नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचा दाखला, बंधनकारक आहे, त्याचे शुल्क १८,००० रुपये आहे आणि ते हाती येण्यास अनेक आठवडे लागू शकतात. हिवाळी सत्राच्या अर्जाची मुदत अनेक ठिकाणी १५ जुलै असली, तरी परदेशी अर्जदारांसाठी काही विद्यापीठे ती वसंतातच संपवतात. म्हणून एपीएसचा अर्ज शेवटच्या वर्षाच्या पहिल्या सत्रातच, गुणपत्रिका गोळा होताच, पाठवावा.