बार्लो घ्यावी की ६ मिमीची आयपीस?

१३० मिमी आरशाच्या, ६५० मिमी नाभीय अंतराच्या न्यूटोनियन (आरशाच्या) दुर्बिणीसोबत बहुतेकदा २५ आणि १० मिमीच्या आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगे, येतात. ६५० ला त्यांनी भागले की २६ आणि ६५ पट. शनीची कडी ६५ पटीत दिसतात, पण इवलीशी. मग पुढची खरेदी कोणती?

आयपीसच्या आधी बसवून प्रतिमा दुप्पट मोठी करणाऱ्या बार्लो भिंगाचा हिशेब मोहात पाडतो: आहे त्याच आयपीसमधून ५२ आणि १३० पटही मिळतात. पण सोबत आलेली १० मिमीची सुमार असेल, तर बार्लो लावूनही ती सुमारच राहते.

६ मिमीची, ६६ अंशांच्या रुंद दृश्यक्षेत्राची आयपीस १०८ पट देते. मुंबईजवळच्या वांगणीला तिच्यातून शनी पाहिला, तेव्हा कड्यांच्या दोन्ही टोकांना कॅसिनीची फट, म्हणजे कड्यांमधली काळी रेघ, केसासारखी उमटली. श्वास रोखून बघत राहिलो. हाताने सरकवायच्या दुर्बिणीत ग्रह भराभर निसटतो, रुंद क्षेत्रात तो जास्त वेळ टिकतो. प्लोस्ल या साध्या बनावटीची ६ मिमीची आयपीस मात्र नको. डोळा भिंगाला जवळजवळ टेकवावा लागतो, पापण्या घासतात, चष्मा तर लावताच येत नाही.

माझा कौल ६ मिमीलाच. बार्लो नंतर, आणि तीही चांगली मिळाली तरच.