९८ टक्के प्युरिटीच्या नावाखाली अर्ध्याहून कमी माल

लॅबसाठी पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) मागवत असाल तर हे वाचाच. आम्हाला मेलिटिन हवं होतं, मधमाशीच्या विषातलं २६ अमिनो आम्लांचं पेप्टाइड, तांबड्या पेशी फोडायच्या प्रयोगासाठी. ग्रँटचा हप्ता अडकलेला, नेहमीच्या कंपनीचा भाव झेपेना, म्हणून एका डीलरकडून ५ मिग्रॅच्या वायल (काचेच्या छोट्या बाटल्या) घेतल्या. माणूस फोनवर एकदम गोड, "मॅडम ९८ टक्के प्युरिटी, सीओए देतो ना, सोबत पाणी, सिरिंज, किती युनिट घ्यायचे त्याचा चार्ट, सगळं फ्री." सीओए म्हणजे मालाच्या तपासणीचं सर्टिफिकेट.

वायल बघूनच पाल चुकचुकली. आत पांढरीशुभ्र फुगलेली वडी, वायल उलटी केली तरी जागची हलेना. अहो ५ मिग्रॅ पेप्टाइड एवढं दिसतच नाही, तळाला पापुद्रा दिसला तरी खूप.

आणि गंमत म्हणजे ते ९८ टक्के खोटं नव्हतंच! एचपीएलसीला (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायचं तंत्र) यूव्ही प्रकाशात जे दिसतं त्यातलं आपलं पेप्टाइड किती, एवढंच तो आकडा सांगतो. भर म्हणून घातलेलं मॅनिटॉल (साखरेसारखी पांढरी पावडर) तिथे दिसतच नाही. वायलमध्ये खरा माल किती हे नेट पेप्टाइड कंटेंटवरून कळतं आणि सीओएवर तो रकानाच गायब. थोडी घट सगळ्यांच्याच मालात असते, मेलिटिनवर सहा धन भार, प्रत्येकाला एक टीएफए (पेप्टाइड बनवताना वापरलेलं आम्ल) चिकटलं तर १९ टक्के वजन तिथेच गेलं, ते मान्य.

आम्ही मायक्रोपिपेटने बरोब्बर २ मिली पाणी घातलं, म्हणजे मिलीला २.५ मिग्रॅ, त्यातून पातळ करून मिलीला ०.२ मिग्रॅ केलं. मेलिटिनमध्ये एक ट्रिप्टोफॅन (यूव्ही शोषणारं अमिनो आम्ल) आहे, त्या हिशोबाने २८० नॅनोमीटरला प्रकाशशोषण ०.३९ यायला हवं, टीएफए वजा करून ०.३१ तरी. आलं ०.१४. दुसरी वायल फोडली, तेच. मास स्पेकला (रेणूचं वजन मोजणारं यंत्र) वजन बरोबर, म्हणजे पेप्टाइड खरं, पण ५ च्या पैशात २ मिग्रॅ पण नाही. शेजारच्या लॅबने एनएमआर (नमुन्यात कोणते रेणू आहेत ते दाखवणारी चाचणी) काढून दिला, त्यात मॅनिटॉल ढळढळीत दिसलं.

डीलरला फोन केला तर उलटा चोर कोतवाल को डांटे, "मॅडम तुमचं मोजमाप चुकतंय, आमच्या चार्टनेच करा." मग तो चार्ट काढून बघितला. चार्ट यू-१०० सिरिंजचा, म्हणजे मिलीला १०० युनिट, १० युनिट म्हणजे ०.१ मिली. आणि फुकट दिलेली सिरिंज लाल टोपीची, यू-४०, म्हणजे मिलीला ४० युनिट, तिच्यावर १० युनिट म्हणजे ०.२५ मिली, अडीच पट! आता हिशोब करा, ०.३९ च्या जागी ०.१४ म्हणजे ३६ टक्के माल गुणिले अडीच, झाले ९० टक्के. त्याच्याच सिरिंजने त्याच्याच चार्टवरून घेणाऱ्याला रिझल्ट जवळपास बरोबर येणार, फक्त वायल भराभर संपणार, मग तो अजून मागवणार. याला योगायोग म्हणायला माझं मन धजत नाही, वडी फुगवणारा माणूस सिरिंज बघून देत नसेल होय?

बिलावर पत्ता भिवंडीचा आणि जीएसटी नंबर २४ ने सुरू, महाराष्ट्राचा तर २७ असतो. पोर्टलवर टाकला तर कुठल्यातरी कापडवाल्याचा निघाला. पैसे गेलेत कोणाच्या तरी पर्सनल यूपीआयवर. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय, उरलेल्या वायल सील न तोडता पुरावा म्हणून फ्रीजरला ठेवल्यात. आता ऑर्डरआधी नेट पेप्टाइड कंटेंट लेखी मागते, तर बरेच डीलर तिथेच फोन उचलायचे बंद होतात.