एफएफक्यू की २४ तासांचा रिकॉल? गावात फॉर्म घेऊन जायच्या आधी

डिझर्टेशनसाठी लोकांचं खाणं विचारायला निघालात की पहिला प्रश्न हाच येतो, एफएफक्यू भरून घेऊ की २४ तासांचा रिकॉल करू. एमएस्सी न्यूट्रिशनला असताना मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात दोन्ही करून बघितलं, म्हणून लिहितोय. एफएफक्यू म्हणजे पदार्थांची यादी पुढे ठेवून प्रत्येक पदार्थ किती वेळा खाता ते विचारायचं, आणि रिकॉल म्हणजे गेल्या २४ तासांत काय-काय आणि किती खाल्लं ते आठवून सांगायला लावायचं.

एफएफक्यू वाईट आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. हजारो माणसं असतील तर तेच परवडतं, अमेरिकेत नर्सेस हेल्थ स्टडी या परिचारिकांवरच्या मोठ्या अभ्यासात १९८० साली ६१ पदार्थांच्या यादीनं सुरुवात झाली आणि त्यावर केवढं काम उभं राहिलं. आपल्याकडेही पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांच्या अभ्यासात पालेभाज्या, दूध, फळं किती वेळा खाल्ली याचा बाळाच्या जन्मवेळच्या आकाराशी संबंध दिसला, जो नुसत्या कॅलरी-प्रोटीनच्या आकड्यांत तसा दिसला नव्हता. म्हणजे 'किती वेळा' या प्रश्नात दम आहे.

पण मला ज्या गोष्टीनं त्रास दिला ती म्हणजे सरासरी. एका काकूंना विचारलं, गेल्या वर्षभरात मेथी किती वेळा खाल्ली? त्या म्हणाल्या, "आरं थंडीत रोजच असती की, उन्हाळ्यात कुठली मेथी?" बरोबरच होतं त्यांचं. माझ्या फॉर्मवर मात्र रोज, आठवड्यातून २-४ वेळा, आठवड्यातून एकदा, महिन्यातून एकदा अशा चौकटी, मी पेन धरून बसलेलो, शेवटी त्या म्हणाल्या, "आठवड्याला एकदा लिही बाबा." आता हे उत्तर ना थंडीचं ना उन्हाळ्याचं, आणि असं एकदा नाही, आंब्याला तेच, श्रावणात बंद होणाऱ्या मटणाला तेच, गवारीला तेच. वर्षाची सरासरी कुणीच डोक्यात घेऊन फिरत नाही, ती आपण समोरच्याकडून जागेवर काढून घेतो, आणि तो बिचारा सध्या जे खातोय त्याच्यावरूनच मागचं सांगतो.

रिकॉलला बसलो तेव्हा त्याच काकू वेगळ्याच खुलल्या. काल उठल्यावर पहिलं काय घेतलं, इथून सुरू केलं. चहा, मग भाकरी आणि वांग्याचं कोरड्यास, दुपारचं जेवण, रात्रीचं. सगळं सांगून झालं आणि मी परत मागे गेलो, दुपारनंतर काय करत होता? "शेंगा फोडत बसलेले." मग फोडता फोडता तोंडात किती गेल्या? त्यांनी ओंजळ दाखवली, दोनदा. हे शेंगदाणे एफएफक्यूत 'कधीतरी' मध्ये गेले होते.

रिकॉलचीही अडचण आहेच. एक दिवस म्हणजे सवय नव्हे, नेमकी काल एकादशी असेल तर साबुदाणाच हाताला लागतो, म्हणून किमान दोन-तीन वेळा, सलग नसलेल्या दिवशी जावं लागतं आणि पायपीट होते. शिवाय खूप जुनं खाणं हवं असेल, म्हणजे आजार होण्याआधी काय खायचे वगैरे, तर रिकॉल तिथे कामाचा नाही, एफएफक्यूच लागेल.

खाल्लेलं कमी सांगणं तर दोन्हीकडे आहे. अमेरिकेतल्या 'ओपन' नावाच्या अभ्यासात जड हायड्रोजन-ऑक्सिजनचं पाणी पाजून लोकांची खरोखर खर्च होणारी ऊर्जा मोजली होती, तिच्याशी ताडून बघितलं तेव्हा एफएफक्यूत पुरुषांनी ३१ ते ३६ टक्के कमी सांगितलेलं निघालं, रिकॉलमध्ये १२ ते १४ टक्के. बायकांचं ३४ ते ३८ आणि १६ ते २०. तिकडचे आकडे आपल्याला जसेच्या तसे लावू नयेत, पण माझ्या वह्यांमध्येही काटा त्याच बाजूला झुकलेला होता.

तुमच्याकडे वेळच नसेल तर एफएफक्यू करा, फक्त भाज्या-फळं हंगामानुसार वेगळी विचारा, थंडीची मेथी थंडीच्या रकान्यात. पण ५०-६० घरं असतील आणि तीन फेऱ्या जमणार असतील तर मी रिकॉलच घेईन. आणि जाताना मापाचं भांडं न्या, 'एक वाटी' म्हणाल्या की त्यांच्याच फळीवरची वाटी मागून घ्या आणि पाणी ओतून मोजा, माझ्या गावात एका घरची वाटी १२० मिलीची निघाली आणि शेजारची २०० ची.