सॉरक्राउट रोजच्या जेवणात: पेज, तळलेला बांगडा आणि बाकी काय काय (काही महिन्यांच्या वापरानंतर)

माझं मत आधीच सांगून टाकते. सॉरक्राउट, म्हणजे जर्मन पद्धतीने मिठात आंबवलेला कोबी, आपल्या कोकणातल्या जेवणात मस्त बसतं, पण जिथे आमसूल, चिंच किंवा कैरी आधीच पडलीय तिथे ते अजिबात नको. बाकी सगळं याच्याच आसपास आहे.

आम्ही कुडाळकडचे. दीर जर्मनीत असतो, त्याने येताना पाकीट आणलं होतं आणि तिथून हे खूळ सुरू झालं. पाकिटातलं चवीला बरं होतं पण ते गरम करून सील केलेलं, म्हणजे त्यातले जिवाणू मेलेले, नुसता आंबट कोबी. मग ऑनलाइन एक 'जिवंत' वाली बाटली मागवली, नाव घेत नाही, ती कुरिअरमध्ये उन्हातान्हात फिरून आली तेव्हा झाकणातून पाणी गळत होतं आणि अर्धं बॉक्स ओलं, पैसे परत मिळायला पण बरीच रडारड. त्या एका बाटलीच्या पैशात बाजारात कोबीचे चार-पाच गड्डे येतात, तेव्हापासून घरीच करते.

करायला काही नाही हो. कोबी विळीवर बारीक चिरायचा, वजन करायचं, किलोला २० ग्रॅम मीठ, उन्हाळ्यात २५. मी शिरोड्याचं जाडं मीठ वापरते, पण ते वजनकाट्यावरच घ्या कारण जाडं मीठ चमच्यात कमी मावतं आणि अंदाज चुकतो. हाताने चांगलं कुस्करायचं, पाणी सुटलं की बरणीत दाबून भरायचं, वर कोबीचं पान आणि त्यावर धुतलेला गुळगुळीत दगड. कोबी पाण्याखाली राहिला पाहिजे, एवढंच पथ्य. झाकण घट्ट नको, गॅस होतो.

खरी अडचण आपल्या हवेची आहे. तिकडे हे १८ ते २२ डिग्रीला ठेवतात, तीन-चार आठवडे आरामात मुरतं. आपल्याकडे ३० च्या वर गेलं की सुरुवातीचे जे जिवाणू असतात, ल्युकोनोस्टॉक म्हणतात त्यांना, त्यांना फार वेळच मिळत नाही, पुढचे जास्त आंबट करणारे लगेच ताबा घेतात. मग आठवड्यात आंबट होतं पण चव एकसुरी आणि कोबी मऊ. थंडीतलं सगळ्यात भारी झालं, कुरकुरीत. आमचं घर चिऱ्याचं आहे, कोठीच्या खोलीत जमिनीवर बरणी ठेवली की बऱ्यापैकी गार राहते, आणि पाहिजे तेवढं आंबट झालं की सरळ फ्रीजमध्ये. पावसात लाईट जाते तेव्हा काळजी वाटायची पण फ्रीज उघडला नाही तर काही होत नाही. वर पांढरा पातळ थर आला तर काढून टाका, पण हिरवी-काळी लव असलेली बुरशी दिसली तर सगळंच फेका, वरचं काढून खालचं खायचा मोह नको.

आता खाण्याचं. पहिला नंबर पेजेला. उकड्या तांदळाची पेज, वाफाळती, जराशी घट्टसर, मीठ कमी घातलेली, आणि बाजूला वाटीत फ्रीजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवलेलं सॉरक्राउट. पेजेत कालवायचं नाही, घास घेऊन वर चिमूटभर तोंडात टाकायचं. पेज मऊ गुळगुळीत आणि हे कचकन लागणारं. आमच्याकडे पेजेबरोबर खारातली कैरी असतेच, त्यामुळे सासूबाईंना हे परकं वाटेल असं वाटलेलं, पण त्यांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, "पेजेवांगडा बरा लागता गो ह्या." झालं, पास. (खारातली कैरी मात्र त्यांनी बंद केलेली नाही, आणि करूही नये.) पेजेत न कालवण्याचं अजून एक कारण म्हणजे एवढ्या उष्णतेत जिवाणू टिकत नाहीत, त्यासाठीच खात असाल तर ते थंडच खा.

दुसरा तळलेला मासा. बांगड्याला आपण हळद-तिखट-मीठाबरोबर आगळ (कोकमाचा आंबट रस) लावतो ना, ते त्या दिवशी लावत नाही. नुसतं तिखट-मीठ, तांदळाचं पीठ-रवा आणि तव्यावर सढळ तेलात कडक. बांगडा मुळात तेलकट, वर तव्याचं तेल, दोन तुकड्यांनंतर जीभ जडावते, तेव्हा मधे मधे सॉरक्राउट घेतलं की परत खावंसं वाटतं. लिंबू पण हेच काम करतं, पण हे चावायला असतं. जर्मनीत डुकराच्या मांसाबरोबर, सॉसेजबरोबर, उकडलेल्या बटाट्याबरोबर खातात ते का, हे मला बांगडा खाताना कळलं. सुरमईला तेवढी मजा नाही, ती कोरडी.

काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या, यात मी कांदा-लिंबाऐवजी हेच घेते. उसळीत भरपूर खोबरं आणि गरम मसाला, आंबट काही नाही, मस्त जमतं. श्रावणात तर हे फारच उपयोगी, कांदा-लसूण बंद असतं आणि ताटात तोंडी लावायला काहीतरी चरचरीत पाहिजेच असतं. कुळथाच्या पिठीत आमसूल न घालता बाजूला हे घेतलं तरी चालतं, पण आमच्या ह्यांना आमसुलाशिवाय पिठी म्हणजे आजाऱ्याचं जेवण वाटतं, तेव्हा तो वाद सोडून दिलाय.

कोशिंबीर पण करा. सॉरक्राउट पिळून घ्यायचं, ओलं खोबरं, हिरवी मिरची, चिमूटभर साखर, आणि मोहरी-हिंगाची फोडणी पूर्ण गार करून वरून. वरण-भात-तुपाबरोबर याच्याएवढं दुसरं काही नाही, माझ्या मते. मीठ वेगळं घालू नका.

न जमलेलं: सोलकढी, तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, चिंचेची आमटी. आंबटावर आंबट. सुका बांगडा भाजून त्याच्याबरोबर पण नको, दोन्हीत मीठ.

मिठावरून आठवलं, सासऱ्यांना बीपी आहे. किलोला २० ग्रॅम मिठाच्या मापाने १०० ग्रॅममध्ये साधारण ७७० मिलीग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभरासाठी २००० च्या आत सांगते, त्यात आपल्याकडे लोणचं-पापड आहेच. त्यांना मी चमचाभर, तेही पाण्यातून काढून देते आणि त्या दिवशी लोणचं नाही. रक्त पातळ होण्याची वॉरफेरिनची गोळी कोणाला चालू असेल तर डॉक्टरांना विचारा, कोबीत व्हिटॅमिन के असतं. आणि पहिल्याच दिवशी वाटीभर खाऊ नका, पोटात गुडगुड होते. पोटाचे चमत्कार वगैरे मला काही दिसले नाहीत, पोट बरं आहे एवढंच म्हणेन, आधीही बरंच होतं.

मुलगा हात लावत नव्हता. १७६८ साली एंडेव्हर जहाज घेऊन निघालेल्या कॅप्टन कुकने स्कर्व्ही (व्हिटॅमिन सी कमी पडून होणारा आजार) होऊ नये म्हणून हे सोबत नेलं होतं, खलाशी खाईनात तर त्याने ते अधिकाऱ्यांच्या टेबलावर रोज वाढायला लावलं आणि बाकीच्यांना म्हणे घ्यायचं तर घ्या, मग सगळ्यांनाच हवं झालं. मी तेच केलं, फक्त मोठ्यांच्या ताटात वाढलं. आता घावण्यात भरून खातो, वर चटणी.

उरलेलं पाणी टाकू नका, काकडीच्या कोशिंबिरीत लिंबाऐवजी घाला. आणि मे महिन्यात करायचं असेल तर छोटी बरणीच लावा, तिसऱ्या दिवसापासून चाखून बघत रहा.