दोन्ही बटणे बारावर: ॲम्प्लिफायर खरेदीत झालेली फसवणूक

गेल्या दिवाळीत जळगावातील एका दुकानातून मी ६२,००० रुपयांचा ॲम्प्लिफायर घेतला, आणि तो घेताना माझ्याच कानांची साक्ष काढून मला फसवण्यात आले. तुलनेसाठी मी अमळनेरहून माझा जुना ॲम्प्लिफायर सोबत नेला होता. विक्रेत्याने दोन्ही यंत्रे एकाच स्पीकरजोडीला आळीपाळीने जोडली, दोघांची आवाजाची बटणे बारावर ठेवली आणि म्हटले, ‘‘भाऊ, दोन्ही सारखेच ठेवले, आता तुम्हीच ऐका.’’ नव्यावर डग्गा भरीव वाटला, तानपुरा मोकळा वाटला. कोणते यंत्र चालू आहे हे न सांगता एकदा वाजवा, असे मी सुचवले. ‘‘हा फरक लहान पोरालाही कळेल,’’ असे म्हणून त्याने ते टाळले. मी तेथेच थांबायला हवे होते.

घरी अभियांत्रिकी शिकणाऱ्या भाच्याने ६० हर्ट्झचा स्थिर स्वर वाजवून स्पीकरच्या टोकांना मल्टिमीटर लावला. दोन्ही बटणे बारावर असताना जुन्यातून २ व्होल्ट आणि नव्यातून २.३ व्होल्ट मिळाले, म्हणजे सुमारे १.२ डेसिबलचा फरक. बटणाची जागा सारखी असली तरी प्रत्येक यंत्र आवाज सारखाच वाढवते असे नाही, आणि रोज यंत्रे विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नाही. इतका थोडा फरक पुष्कळदा आवाजाचा मोठेपणा म्हणून नव्हे, तर सरसपणा म्हणून जाणवतो; शिवाय हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवले आहे. माझा डग्गा भरीव झाला तो बहुधा त्यामुळेच.

मग आम्ही दोन्ही व्होल्टेज एका टक्क्याच्या आत जुळवले. भाचा पडद्यामागे नाणे उडवून यंत्र निवडत असे आणि मी ते ओळखत असे. १६ पैकी माझी ९ उत्तरे बरोबर आली; निव्वळ अंदाजाने १२ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते, त्यामुळे फरक खरोखर ऐकू येतो असे म्हणायला निदान १२ तरी यायला हवी होती. स्पीकरांमध्ये खरे आणि मोठे फरक असतात, ते अशा चाचणीतही ऐकू येतात. माझ्या या दोन यंत्रांत मला ते आढळले नाहीत.

आकडे घेऊन मी दुकानात गेलो, तेव्हा ‘‘खोके उघडलेला माल परत घेत नाही,’’ एवढेच उत्तर मिळाले. पक्के बिल जपून ठेवले असल्याने, दोन वर्षांच्या मुदतीत जिल्हा ग्राहक आयोगाकडे द्यायची तक्रार मी आता लिहीत आहे.